गाणं संपू दे, मॉस

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. भिऊ नका, आता माझ्या अंगात उडी मारण्याइतकंही बळ नाही. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, पण खरी आहे.

मी एक जुना कामकरी कुत्रा आहे. नाव मॉस, गाव वेल्सच्या डोंगरातलं. तिथले कुत्रे मेंढ्या राखतात. मी एका बाईंच्या रक्तातली साखर राखली.

त्या एलुनेडबाई. अकराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह. पन्नास वर्षं रोज स्वतःच्या हाताने सुई टोचून घेतली, कधी कुरकुर नाही. पण इतक्या वर्षांत त्यांचं अंग सूचना द्यायचं विसरून गेलं होतं. साखर उतरली की इतरांचे हात कापतात, घाम फुटतो. यांना काही कळायचंच नाही. बोलता बोलता कोसळायच्या. म्हणून मला आणलं.

मला शिकवलं कुत्र्यांना या कामासाठी तयार करणाऱ्या मेरेरिडने. साखर उतरलेल्या माणसाचा घाम टिपलेला कापसाचा बोळा एका बाटलीत, बाकीच्या बाटल्यांत साधे बोळे. बरोबर बाटलीपाशी बसलो की खाऊ. “वास आला की पंजा मार,” ती म्हणायची, “ऐकलं नाही तर पुन्हा मार. तरी ऐकलं नाही तर भुंक. कुणाची भीड धरायची नाही, राजा.” एवढंच माझं शास्त्र. बसमध्ये, दुकानात, स्वयंपाकघरात मी पंजा मारायचो, बाई ग्लुकोजची गोळी तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, “शहाणा रे माझा!”

पण बाईंचा जीव प्रार्थनाघरात. तिथले उपदेशक बोलता बोलता सुरात शिरतात, आणि प्रवचनाचं गाणं होऊन जातं. मलाही ते फार आवडायचं. आणि स्तोत्रांचा पहिला सूर धरायचा मान एलुनेडबाईंचा.

पहिल्याच रविवारी, ऐन प्रवचनात, तो वास आला. मी पंजा मारला. बाईंचं लक्ष नव्हतं, म्हणून भुंकलो. सगळे वळून हसले. बाईंनी बोट टोचून पाहिलं, साखर खरंच उतरली होती. पण बाहेर आल्यावर प्रार्थनाघराचे कारभारी इडवाल म्हणाले, “बाई, कुत्रा आला तर येऊ द्या. पण प्रवचन त्याने करायचं नाही हो!”

“आणि स्तोत्र?” बाईंनी हसत विचारलं.

“त्याचा सूर चांगला असला तर बघू! पण खरंच सांगतो, लोक कुरकुरतात. देवाच्या घरात तेवढं गप्प ठेवा त्याला.”

बाई लाजल्या. त्या मरणाला भ्यायल्या नसत्या, पण चार माणसांच्या कुरकुरीला भ्यायल्या. घरी स्तोत्रं म्हणताना मी पंजा मारला की त्या माझं डोकं खाली दाबायच्या. “हळू. गाणं संपू दे, मॉस.” संपेपर्यंत थांबलो की बिस्किट. कुत्र्याला काय, ज्याचं बिस्किट त्याचंच शास्त्र. मी शिकलो.

वर्षाच्या तपासणीला मेरेरिडच्या ते लगेच ध्यानात आलं. “हा पूर्वी झटकन सांगायचा. आता थांबतो का हो?”

“छे गं. वय झालं असेल त्याचं,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा मी चार वर्षांचा होतो.

मग मे महिन्यातला गानमेळा आला. सात गावांची माणसं, चार आवाजांत गाणारी. त्या लोकांची एक रीत आहे. शेवटच्या ओळी काळजाला भिडल्या की त्या परत म्हणायच्या. पुढे उभं राहून गाणं चालवणाऱ्याचा हात वर झाला की पुन्हा; त्या दिवशी तो मान बाईंचा. जितक्या वेळा पुन्हा, तितका मेळा रंगला.

शेवटच्या कडव्यात मला वास आला. मी थांबलो. ओळ संपली, मी उठलो, तर बाईंचा हात वर गेला. पुन्हा! मी बसलो. दुसऱ्यांदा उठलो, पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा राहवेना, मी बाही ओढली. बाईंनी डोकं दाबलं. डोळे भरलेले, नजर भलतीकडेच. साखर उतरली की माणसाचा विचार आधी जातो, हे बाईंना माहीत होतं. पण ते आठवायलाही विचार लागतो. चौथ्यांदा मी भुंकलो. मागून कुणीतरी माझा पट्टा धरला. “गप रे! बाईंना भरून आलंय, दिसत नाही?”

पाचव्या वेळी हात वर गेलाच नाही. बाई दगडी पायरीवर डोक्यावर पडल्या. मागच्या रांगांना दिसलं नाही. त्यांनी ती ओळ पूर्ण म्हटली.

अंत्यविधीला इडवाल म्हणाले, “गाता गाता गेली. असं मरण भाग्यवंतालाच येतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्याच ओळी पुन्हा म्हटल्या.

मेरेरिड मला परत घेऊन गेली. मला पुढे काम मिळालं नाही. कागदावर लिहिलं, ‘वेळेवर सूचना देत नाही.’

महिन्याभराने इडवाल आले. टोपी हातात, उभेच राहिले. “मेरेरिड, त्याने सांगितलं होतं का गं?”

“चार वेळा उठला तो, पाहणाऱ्यांनीच मला सांगितलं. तुम्ही सगळे मोजत होतात, पण ओळी मोजत होतात.”

“आम्हाला वाटलं, देवच उतरलाय तिच्यात.”

“देवाला थांबा म्हटलं असतं तर तो थांबला असता, काका.”

इडवाल माझ्यापुढे खाली बसले. मी त्यांचा हात चाटला नाही. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, खूप गा. देवाचं नाव कंठ फुटेस्तोवर घ्या. पण शेजारी कुणी बाही ओढली, तर सूर अर्ध्यात सोडा. देव अर्ध्या ओळीला रागावत नाही, रागावतात ती माणसं. आणि कधी गाणं रंगलं, तर एलुनेडबाईंची आठवण काढा. भाग्यवान म्हणून नको. त्यांना जगायचं होतं, एवढं आठवा.