मी युतीचा फळा

मी फळा बोलतोय. भिंतीवरचा नव्हे, काखेत मावणारा, पांढरा. माझ्या अंगावर रोबोंच्या मैदानाचा नकाशा आहे. माझी मालकीण लिनेआ, उत्तर मिशिगनमधल्या आमच्या बर्फाळ गावच्या शाळेची कप्तान. बारावीत आहे, म्हणजे ही तिची शेवटची स्पर्धा.

इथे एकटा रोबो जिंकत नाही. तीन शाळांची युती लागते. युती म्हटली की माणसं किती गोड बोलतात! "आमचा रोबो सगळं करतो" म्हणणाऱ्याचा रोबो अर्ध्यावर बंद पडलेला मी चारदा पाहिलाय.

त्या शनिवारी सकाळी शेजारच्या गावची टॅमसिन आली. पहिल्या आठ शाळा आपले साथीदार निवडतात. ती आठव्या क्रमांकावर होती, आम्ही बाराव्या. तिने माझ्यावर आपला रोबो काढला आणि कुठून धक्का दिला की तो कलंडतो, तिथे लाल फुली मारली.

"ही बाजू तू सांभाळ. मी तुलाच निवडते, पण हे कुणाला सांगू नकोस गं."

"नाही सांगणार," लिनेआ म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या नंबरचा झियाद आला, दक्षिणेतल्या मोठ्या शाळेचा. लिनेआने मला उलटं करून छातीशी धरलं. त्याने सर्वांसमोर नाव घेतलं आणि ती नाही म्हणाली, तर नियमाप्रमाणे तिला दुसरं कुणीच निवडू शकत नाही, टॅमसिनही नाही.

"तुम्हाला घ्यावं म्हणतोय," झियाद म्हणाला.

"कशाला? आमच्या रोबोच्या हुकाला तडा गेलाय. वळताना अडखळतो. बॅटरी तर दुपारी आजोबांसारखी पेंगते."

झियाद हसला. "सकाळपासून वीस जणांशी बोललो. खरं सांगणारी तू पहिलीच."

आता हा आम्हालाच निवडणार, हे मी ओळखलं. झालंही तसंच. भर मैदानात त्याने पहिलं नाव आमचंच घेतलं. लिनेआच्या मागे आमच्या संघाची अकरा पोरं श्वास रोखून उभी होती. ती माईकपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "आभारी आहोत. येतो." टॅमसिनने मान खाली घातली.

पहिल्या युतीची गाठ आधी आठव्या युतीशी पडते, म्हणजे टॅमसिनशी. सामन्याला दहा मिनिटं असताना झियादने विचारलं, "ती तुझी मैत्रीण ना? कुठे कच्ची आहे, दाखव."

फुली अजून माझ्यावर होती. लिनेआने मला सरळ करण्याआधी बाहीने खसाखसा पुसलं.

"आमचं कच्चं होतं ते सांगितलं. हे तिचं आहे."

"अगं, आता आपण एका युतीत आहोत."

"म्हणूनच सांगते. उद्या कुणी तुझं विचारलं, तर त्यालाही पुसलेलाच फळा दाखवीन."

झियादने पेन उचललं. "बरं. आपलाच डाव आखू."

तो सामना आम्ही चार गुणांनी हरलो. दोन हरले की बाहेर; पुढचाही हरलो, आणि राज्यस्पर्धा हुकली.

सध्या माझ्यावर शाळेतल्या पॅस्टीविक्रीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या विक्रीची, यादी आहे. अकरातली काही पोरं लिनेआशी धड बोलत नाहीत. ती मात्र मला रोज स्वच्छ पुसते, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो. एवढं सगळं तुम्हाला सांगितलं. फक्त ती फुली कुठे होती ते विचारू नका. पुढच्या शनिवारी टॅमसिनला राज्यस्पर्धेत खेळायचंय.