मुरी

टाचणीचा गंज कार्डावर उतरला होता — शब्दाच्या अगदी शेजारी, तपकिरी, चुकून पडलेल्या पूर्णविरामासारखा — आणि तो नखाने निघतो का हे पाहण्यात तिची बरीचशी सकाळ गेली. मुरी. स्त्रीलिंगी नाम. गोड्या पाण्यातील एक लहान मासा. एवढं कुणीतरी पूर्वीच लिहून ठेवलं होतं; तिला फक्त अर्थ जरा वाढवायचा होता आणि वापर द्यायचा होता, आणि एरवी असली कार्डं ती चहा निवायच्या आत हातावेगळी करत असे. शब्दकोशाच्या या कचेरीत ती लागली तेव्हा काम ‘च’वर होतं. ‘प’ चालू असताना शेजारच्या टेबलावरचीचं लग्न झालं, ‘भ’ संपेपर्यंत त्या शेजारणीची मुलगी शाळेत जाऊ लागली, आणि ही आपली ‘म’मध्ये रुतून बसलेली...

दाराजवळ मुद्रितशोधक आपला ड्रॉवर रिकामा करत होता. त्याचा इथला आजचा शेवटचा दिवस. दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्यात त्याने नोकरी धरली होती, आणि मागच्या आठवड्यात जिन्यात तिला थांबवून म्हणाला होता, “तूही चल. लग्न करू.” इतकं सरळ, मध्ये स्वल्पविरामसुद्धा न देता. ती म्हणाली होती, विचार करून सांगते. कसला विचार? तिला जायचं होतं. आई काही अंथरुणाला खिळलेली नव्हती; ठणठणीत होती, भाजीवाल्याशी मनसोक्त हुज्जत घालून पिशवी स्वतः उचलून आणत होती. पैशांची ददात नव्हती. आड येणारं असं काहीच नव्हतं. आणि तरी जिन्यात ती त्याच पायरीवर उभी राहिली होती.

कारण घरात तिचं नावच मुरी. हाक मारणारी आता एकटी आई उरली, पण पूर्वी सगळेच मारायचे. बाबांनी एकदा ओढ्यातून तो मासा आणला होता, बोटाएवढा, काचेच्या बरणीत. तळाशी रेती घातली होती आणि मासा रेतीत जो शिरला तो शिरलाच — वर फक्त तोंडाच्या मिशा, आणि त्याही नीट पाहिलं तरच. ती तासन्‌तास खिडकीशी बसून पाहायची. आणि आई आल्यागेल्याला सांगायची, “आमची धाकटी म्हणजे मुरी. जागेवरून हलायची नाही.” सगळे हसायचे. मीही हसायचे, तिला आठवलं, मला तर ते कौतुकच वाटायचं. ताई लग्न करून गेली, दादा परदेशी गेला, माझं वसतिगृहाचं ठरत आलं होतं... आईने मला कधी अडवलं नाही. एकदाही नाही. नुसती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “मुरी गं माझी.” आणि मी बांधलेली ट्रंक सोडली.

दुपारी तिने कार्ड एकदाचं भरलं. मुरी: गोड्या पाण्यातील एक लहान मासा, रेतीत वा चिखलात दडून राहतो, जागा सोडत नाही. लाक्षणिक: घर न सोडणारी मुलगी. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं होतं. ते घेऊन ती संपादकांकडे गेली. चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलावर शोधायची त्यांची जुनी खोड. आज तो लवकर सापडला.

“जागा सोडत नाही,” त्यांनी वाचलं. “हे कशावरून?”

“पाहिलंय, सर. लहानपणी.”

“कुठे पाहिलंत?”

“घरी. बरणीत.”

“अहो, मग हा बरणीचा गुण झाला. माशाचा नाही.” त्यांनी पेन्सिल उचलली. “आणि हे लाक्षणिक? कोण म्हणतं असं?”

“आई म्हणते.”

“आणखी कोणी?”

ती कार्डावरच्या गंजाकडे पाहू लागली.

“एका घरातला वापर आपण धरत नाही, बाई. तुम्हालाच मी हे सांगायचं?” त्यांनी दोन्ही ओळींवर रेघ ओढली, हलक्या हाताने, आणि पुढचं कार्ड मागितलं. चूक तिचीच होती, नव्या माणसानेही केली नसती अशी. तरी जागेवर परत येऊन बसल्यावर ती पेन्सिलची रेघ नखाने खरवडू लागली... इतकी वर्षं मी ज्या शब्दाखाली अंग चोरून राहिले तो म्हणजे असा — नोंद न घेण्याजोगा?

निघताना मुद्रितशोधक टेबलापाशी थांबला. “सकाळी गाडी आहे माझी. आज सांगशील ना?”

“घरी गेल्यावर फोन करते,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला स्वतःची भीती वाटली. घरी गेल्यावर — म्हणजे रेतीत शिरल्यावर.

कुलपात किल्ली फिरायच्या आतच आतून आवाज आला, “मुरी, आलीस?” आणि तिच्या तोंडून “ओ” निघूनही गेला. चहाचं आधण गॅसवर होतं. कपबशा मांडलेल्या, दोनच. सगळं जागच्या जागी होतं, आणि आज पहिल्यांदाच तिला ते सहन होईना.

“आई, त्या बरणीला झाकण होतं का गं?”

“कुठल्या बरणीला?”

“बाबांनी मासा आणला होता ती.”

आई क्षणभर आठवत राहिली, मग हसली. किती मायेने हसली. “झाकण कशाला हवं? ती कुठे जाणार होती?”

ती पुढच्या खोलीत आली. चपला अजून पायातच होत्या. हातात फोन होता, मुद्रितशोधकाचा नंबर समोर होता, आणि तिला राग आला होता — आईचा नव्हे, आईचा कसा येईल — त्या रेतीचा, आपल्याला ती आवडायची याचा, झाकण नसलेल्या बरणीत एवढी वर्षं एकदाही वर येऊन न पाहिल्याचा. वर यायचं, तर बरणीबाहेर पाणी तरी कुठे होतं? पण मासा जिथून आला तो ओढा तिने कधी पाहिलाच नव्हता... तिने बरणीच पाहिली होती.

“मुरी,” आतून हाक आली, “चहा निवतोय गं.”

ओ आला. घशापर्यंत आला. ती तो तिथेच धरून उभी राहिली, आणि किती वेळ धरता येईल हे तिला ठाऊक नव्हतं.