दोनच्या फेरीबोटीतली बैठक

नेदिल्का श्कारित्साच्या टेबलावर तीन वेळापत्रकं कायम उघडी असायची: न्यायाधीशांचं, डॉक्टरांचं आणि फेरीबोटीचं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तिचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस पुन्हा तुरुंगात जातो तो पहिल्या दोन्हींमुळे क्वचित. बहुतेक वेळा घात तिसरं करतं.

शिक्षा स्थगित ठेवून, व्यसनावर उपचार घ्यायच्या अटीवर न्यायालयाने घरी सोडलेली माणसं सांभाळणं हे तिचं काम. सांभाळणं म्हणजे कोण कुठे, किती वाजता आणि कुठल्या अवस्थेत हजर झाला, याचे रकाने भरणं. येरोलिमच्या नावापुढे गैरहजेरीच्या दोन फुल्या पडल्या होत्या. तिसरी पडली की वर्षभर आत.

येरोलिम समोरच्या बेटावरचा, बावन्न वर्षांचा, जाळी दुरुस्त करणारा. आदल्या उन्हाळ्यात दारूच्या भरात त्याने धक्क्याला बांधलेल्या पोलिसांच्या बोटीचा दोर सोडला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. बोट निवांत तरंगत गेली आणि खडकावर आपटली. बेटावरचा एकुलता एक पोलीस पाश्को, त्याला तीन महिने पायी गस्त घालावी लागली. धक्क्यावरची टवाळ मंडळी रोज विचारायची, "काय पाश्को, आज बूट कुठे नांगरलेत?" येरोलिमचं नाव निघालं की पाश्को थुंकायचा.

गंमत अशी, की दोन्ही फुल्या येरोलिमने पूर्ण शुद्धीत मिळवल्या होत्या. व्यसन सोडणाऱ्यांचा गट शहरात मंगळवारी सहाला जमे, आणि बेटावर परतणारी शेवटची बोट साडेपाचला सुटे. रक्त तपासायला बुधवारी सकाळी आठला बोलावलेलं, आणि पहिली बोट शहरात लागे नऊ वाजून दहा मिनिटांनी. प्रत्येक कचेरी आपापल्या जागी बरोबर होती. चुकत होता एकटा येरोलिम.

"पोहत येऊ का, बाई?" त्याने विचारलं होतं.

"ये की. फक्त सही करताना कागद भिजवू नकोस."

तो गेल्यावर नेदिल्काने तिन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडली आणि एका रेघेवर तिचं बोट थांबलं. गट चालवणाऱ्या डॉक्टर झोराना दर गुरुवारी सकाळच्या बोटीने बेटावरच्या दवाखान्यात जात आणि दुपारी दोनच्या बोटीने परत येत. प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा. गटाची बैठक दीड तासाची.

न्यायाधीश ल्युबेटिच यांना कोणतीही नवी कल्पना आधी कामचुकारपणाच वाटायची.

"फेरीबोटीत बैठक? तिथे बार आहे, श्कारित्साबाई."

"म्हणूनच, साहेब. तुरुंगात बार नसतो. तिथे कोणीही कोरडा राहील."

"आणि मध्येच उठून गेला तर?"

"कुठे जाणार?"

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने अट घातली: गुरुवारी, फेरीबोटीत, दुपारी दोनला. रक्ताऐवजी त्याच दिवशीचा श्वासतपासणीचा कागद आणि साक्षीदाराची सही. बुरा, म्हणजे बोटी बंद पाडणारा हिवाळी वारा, त्याची सबब ऐकून घेतली जाणार नाही.

"बुरामुळे माझ्यासमोर जेवढे लोक गैरहजर राहिलेत," ते म्हणाले, "तेवढी बेटांवर वस्तीसुद्धा नाही."

ऑक्टोबरपासून सतरा गुरुवार सुरळीत गेले. येरोलिम आणि बेटावरचे आणखी दोघे, एक दारूवाला आणि एक झोपेच्या गोळ्यांवाला, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला यंत्रात फुंकायला लावत. बारवाला चार कॉफ्या आणून आदळायचा. "तुम्ही सुधारताय आणि मी बुडतोय," असं दर खेपेला म्हणायचा, आणि कान मात्र टेबलाकडेच ठेवायचा. शहरात उतरल्यावर दीड-पावणेदोन तास नेदिल्काकडे, आणि साडेपाचच्या बोटीने घर. येरोलिम तिच्यासाठी सुके अंजीर आणायचा. ती ते सगळ्यांसमोर उघडून कचेरीभर वाटायची, म्हणजे लाच म्हणायला कोणी मोकळं राहत नसे.

अठराव्या गुरुवारी बुरा सुटला. असा, की शहरातल्या धक्क्यावर कचऱ्याचे डबे गडगडत चालले होते. फेरीबोट रात्रीपासून बेटालाच बांधलेली, ती हललीच नाही. डॉक्टरीणबाई शहरात अडकल्या आणि फुंकायचं यंत्र त्यांच्या पिशवीत. बेटावर दुसरं यंत्र एकाच माणसाकडे होतं, आणि सकाळी नेदिल्काने फोनवर येरोलिमचं नाव काढताच त्या माणसाने फोन ठेवून दिला होता.

अकरापासून ती रिकाम्या रकान्याकडे पाहत बसली. कोऱ्या जागेत साहेबांना फुली दिसणार, हे तिला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दीडला फोन वाजला. पाश्को.

"बाई, तुमचं लाडकं बाळ रंगेहाथ सापडलंय. पुन्हा माझ्या बोटीच्या दोराशी."

नेदिल्काने पेन खाली ठेवलं. "फुंकायला लावलंत?"

"लावणार नाही तर काय? पहिलं तेच केलं."

"मग?"

पाश्को म्हणाला, "शून्य. दोनदा लावलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी स्वतः फुंकलं."

"तुमचं किती आलं?"

"ते सोडा हो."

"बरं. दोर सोडत होता?"

"बांधत होता," पाश्को अगदी नाराजीने म्हणाला. "माझी गाठ ढिली होती म्हणे. जुनी ठेवून वर नवीन दोर टाकलाय. म्हणतो, ही बोट आणखी एकदा खडकावर गेली तर बाई मला समुद्रात ढकलतील."

नेदिल्काने घड्याळ पाहिलं. एक चौतीस. "पाश्को, यंत्रातून निघालेल्या कागदावर वेळ छापली गेलीय ना? तो घ्या, येरोलिमला घ्या, बाकी दोघांना हाक मारा आणि फेरीबोटीत जाऊन बसा. दोनला मी डॉक्टरीणबाईंना फोनवर देते."

"मी कशाला? मी काय त्यांचा..."

"तुम्ही साक्षीदार."

बैठक बांधलेल्या फेरीबोटीत झाली. टेबलावर फोन, भोवती चौघे, बारवाल्याच्या चार कॉफ्या. नेदिल्का आपल्या बाजूने ऐकत होती. येरोलिम नेहमीसारखं थोडकं बोलला: सकाळी वारा ऐकून प्यावंसं वाटलं, तेव्हा हातांना काम द्यायला धक्क्यावर गेलो. गोळ्यांवाला झोपेबद्दल बोलला. मग एक जाड आवाज सुरू झाला, की त्या तीन महिन्यांत लोक कसे हसायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर एकाचे तीन पेले कधी होऊ लागले ते कळलंच नाही. तो आवाज पाऊण तास थांबला नाही. मध्ये येरोलिम एवढंच म्हणाला, "ते माझ्यामुळे. कॉफी गार होतेय तुझी, पी."

शुक्रवारी वारा पडला. नेदिल्का अहवाल घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. तिने काही लपवलं नव्हतं: फेरीबोट सुटली नाही, बैठक झाली, श्वासाचा कागद जोडला आहे.

साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "हा साक्षीदार पाश्को म्हणजे..."

"तोच, साहेब. ज्याची बोट."

"याच्या पहिल्या साक्षीत येरोलिमबद्दलचे तीन शब्द मला वगळायला लावावे लागले होते." साहेबांनी चष्मा काढला. "हा माणूस येरोलिमवर उपकार म्हणून खोटी सही करणार नाही."

"पगार दिला तरी नाही."

त्यांनी रकान्यात स्वतः लिहिलं: हजर. मग अहवालाचं शेवटचं पान उलटून पाहिलं. "आणि ही काय विनंती? पुढच्या गुरुवारपासून साक्षीदारालाही बैठकीला बसू द्यावं?"

"त्याने स्वतः विचारलंय."

"बाई, याला मी अजून कसलीही शिक्षा दिलेली नाही."

"नाही ना. म्हणून याच्यासाठी रकाना आखायचा नाही, साहेब. फक्त एक कॉफी वाढवायला सांगायची."