दुधीच्या बीएवढं लाल

आकार: दुधीच्या बीएवढा. चपटा, दोन्ही टोकांना फट. हाजराच्या न्हाणीबाहेरच्या भिंतीवर असे चार कोष लटकलेले. पनवेलात कुणाच्या भिंतीवर नसतात? झाडू फिरवला की गेले.

चौथ्यापाशी झाडू थांबला.

रंग: तिन्हींचा धुळीचा. चौथ्याच्या मधोमध लाल पट्टा. असला लाल या घरात एकच, मोहसीनने दोह्याहून आणलेल्या केसाळ ब्लँकेटचा. मोहसीन, तिचा मुलगा, रमजानच्या आधी वारला. चाळिसाव्याच्या आत तिच्या नवऱ्याने, वहाबने, रिवाजाप्रमाणे त्याचं सगळं वाटून टाकलं. ब्लँकेटही. एवढं राहू दे म्हणायला हाजराची जीभ उचलली नाही.

"अम्मी, पतंगाची अळी आहे ती," मुलगी हादिया म्हणाली. "केस, धूळ, धागे चिकटवून घर करते आणि घर घेऊनच फिरते. काढ ना, शी!"

"राहू दे."

"ब्लँकेट पांघरून बसलेत बघ साहेब. आपण इथे पंख्याखाली शिजतोय."

हाजरा हसली. मग ओट्यापाशी जाऊन रडली.

अन्न: जळमटं, लोकर, केस. ती जळमटं काढेना. कंगव्यातले केस भिंतीच्या कडेला टाकू लागली.

"माणसांचं घर आहे की किड्यांचं?" वहाब.

हाजराने कंगवा झटकला.

बाहेर येईल ते लाल असेल. हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

पतंग: आला, एका सकाळी. नखाहून लहान. करडा. पंखांवर काळपट ठिपके, कडेला झालर, डोक्यावर खरखरीत झुबका. हाजराने चष्मा लावला, मोबाईलचा टॉर्च धरला. पुढून, मागून. लाल कुठेच

नव्हता.

उडून ट्यूबलाइटमागे गेला.

रिकामं घर तिने नखाने उचकटलं, लाल तेवढं सोडवलं. चिमूटभरही नाही. वहाब जवळ येऊन बसला.

"हाजरा, न्हाणीपुढचं पायपुसणं पण लालच होतं ना गं? फाटलं म्हणून मीच टाकलं."

तिने धागे नाकाशी नेले. धुळीचा वास.

"ब्लँकेट कसलं लाल होतं?" तिने विचारलं.

"विटेसारखं."

"काहीतरीच, अब्बा," हादिया आतून ओरडली. "मरून होतं, मरून!"

हाजराला डाळिंबाचे दाणे आठवत होते. तिने मूठ घट्ट मिटली. उघडली तेव्हा धागे घामाने भिजून काळे दिसत होते.