टिनाखालचा ग्रह

“पूनम, म्हातारं माणूस दुपारचं टिनाखाली ठेवू नको बरं. यंदा ऊन लय बेकार राहीन.”

गावातल्या आशा कार्यकर्त्या कलाबाई हे मार्च महिन्यातच सांगून गेल्या होत्या. तान्ह्या रामच्या लशीच्या डोसची आठवण द्यायला त्या आल्या होत्या. पूनमचा हात तेव्हा रामच्या कपाळावर होता. सासूबद्दल ती म्हणाली, “आत्याबाईले सवय हाये, ताई. त्यांचा जन्म उन्हातच गेला.” आणि ती पुन्हा थर्मामीटर झटकू लागली.

मित्रांनो, हे बोलणं मी मागच्या खोलीच्या फळीवरून ऐकलं. मी एक ग्रह आहे. खरा नाही, कागदाच्या लगद्याचा. पण ज्याच्यावरून मला बनवलं तो ग्रह खरा आहे. इथून फार फार दूर एका ताऱ्याला तो अगदी चिकटून फिरतो. त्याचं वर्ष चार दिवसांत संपतं. त्याच्यावर जमीन नाही, सगळा वायू आणि ढग. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते आणि ती भट्टीसारखी तापलेली असते. दुसरी बाजू ताऱ्याला कधी दिसतच नाही.

मला घडवलं ते धाड गावाजवळच्या एका घरात. काजल तेव्हा पाचवीत होती. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाकीच्या मुलांनी ज्वालामुखी आणि पाणी अडवा, पाणी जिरवा घेतलं होतं. काजलला मात्र धम्मरत्न सरांनी सांगितलेला हा तापलेला ग्रहच करायचा होता. तिची आई पूनम पदवीपर्यंत शिकलेली, तिने माहिती शोधून दिली. पण मला अंग दिलं ते काजलच्या आजीने, झुंबरबाईंनी. रद्दी तीन दिवस भिजवली, उखळात कुटली, त्यात मेथ्या वाटून घातल्या. टोपल्या करायची त्यांची तीच रीत होती.

“मेथ्या काऊन टाकतं, आजी?”

“कडू राह्यलं का कीड लागत नाही. तुह्या ग्रहाले हजार वर्षं काही होत नाही पाय.”

पालथ्या मडक्यावर लगदा थापून त्यांनी माझे दोन अर्धे केले आणि जोडले. काजलने लाल, केशरी पट्टे ओढले. समोर पिवळा बल्ब लावला. तो माझा तारा.

प्रदर्शनात माझ्याभोवती गर्दी झाली होती. एका पालकांनी मला निरखून विचारलं, “इथं पीक काय घेतेत?”

“काहीच नाही, काका. उभं राह्याले जमीनच नाही.”

“मंग सातबारा कोणाच्या नावावर हाये?”

सगळे हसले. माझा दुसरा नंबर आला. काजलने मला दोन्ही हातांत धरून घरापर्यंत चालत नेलं, जीपमध्ये धक्का लागेल म्हणून. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. त्यानंतर आठ दिवसांनी घरातला बल्ब उडाला, म्हणून माझा तारा काढून न्हाणीत लावला. मला मागच्या खोलीच्या फळीवर चढवलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीशेजारी.

ती खोली झुंबरबाईंची. वर टिन. उन्हाळ्यात मला ताऱ्याची गरजच उरली नाही. टिनाकडची माझी बाजू तडकली, रंगाचे पापुद्रे सुटले. खाली खाटेवर झुंबरबाई पदराने वारा घेत पडायच्या. दीपकने, त्यांच्या मुलाने, एकच कूलर घेतला होता. तो समोरच्या खोलीत होता, कारण तिथे राम झोपायचा.

पूनमला मी वाईट म्हणणार नाही. हिवाळ्यात रामला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून ती रात्री चार वेळा उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची. त्याला एक शिंक आली की ती कलाबाईंना फोन लावायची. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. पण ते डोळे सदा एकाच दिशेला. मला तिचा राग येतो तो इतकाच, की ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे का असते, हे काजलला तिनेच चित्र काढून समजावलं होतं.

झुंबरबाईंनी रामसाठी नवस बोलला होता. पोरगं बरं झालं की गुरुवारी सबंध पोथी एका आसनावर वाचीन, पूर्ण होईपर्यंत पाणी पिणार नाही. वाचायला त्या काजलबरोबरच शिकल्या होत्या, तिच्या पहिलीच्या पुस्तकावरून. अक्षराखाली बोट ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. पोथी त्यांना शेगावहून एका शेजारणीने आणून दिली होती. नवस फेडायला त्यांनी मे महिन्यातला गुरुवार धरला. दीपक म्हणाला, “पाऊस पडल्यावर वाच न, माय.” त्या म्हणाल्या, “देवाले तारीख पे तारीख देत नाहीत बे.”

सकाळी सातला त्या पाटावर बसल्या. या घरात एक नियम आहे, कदाचित तुमच्याही घरात असेल. पोथी चालू असताना वाचणाऱ्याला हाक मारायची नाही. त्यानेही मध्ये बोलायचं नाही. दाराचा पडदा ओढलेला. समोरच्या खोलीत कूलर घरघरत होता.

अकरापर्यंत आवाज खणखणीत होता. बाराला तो खाली आला. एका ओळीवर त्या दोनदा गेल्या, मग तिसऱ्यांदा तीच ओळ. मी वरून पाहत होतो. त्यांच्या कपाळावर सकाळपासून घाम होता. आता तो नव्हता. मला बरं वाटलं, मित्रांनो. मला वाटलं, त्यांना गार वाटतंय. ज्याला सगळे तापलेला ग्रह म्हणतात अशा माझ्यासारख्यालाही हे कळलं नाही की एवढ्या उष्म्यात घाम थांबणं हेच वाईट लक्षण.

पूनम तीन वेळा दारापर्यंत आली. पहिल्यांदा पडद्याच्या फटीतून डोकावली, पाठमोऱ्या झुंबरबाई दिसल्या, परत गेली. दुसऱ्यांदा राम कडेवर होता. तिसऱ्यांदा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती पडद्याबाहेरच घुटमळली. मी ओरडत होतो. तेराशे पृथ्व्या पोटात मावतील अशा ग्रहाचं मी रूप, आणि मला फळीवरून एक बोटभर घरंगळता येईना. तांब्या घेऊन ती परत गेली. तेव्हा वाचणं थांबून बराच वेळ झाला होता, पण कूलरच्या घरघरीत तिला ते कळलं नाही. झुंबरबाईंचं डोकं भिंतीला टेकलं होतं.

अडीचच्या सुमारास लाइन गेली.

कूलर थांबला. घर एकदम मुकं झालं. राम किरकिरला, पूनमने त्याला खांद्यावर घेतलं, आणि मग तिचं थोपटणं मध्येच थांबलं.

“काजल, आजीचा आवाज येऊ राह्यला का तुले?”

“नाही.”

“मनातल्या मनात वाचत असतीन.”

काजल सुट्टीतल्या गृहपाठाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाली, “आजीले मनात वाचता येत नाही, आई. तोंड बंद केलं का तिचे अक्षरंबी बंद होतेत. तीच सांगते.”

पूनमने रामला काजलच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच. पडदा ओढताना त्याची दोरी तुटली. झुंबरबाईंच्या हाताला हात लावला आणि तिने तो झटकन मागे घेतला. अंग तापलेल्या तव्यासारखं, कोरडं. झुंबरबाई डोळे अर्धे उघडून म्हणाल्या, “कोण, रुख्मिणी? बैलाले पाणी पाजलं का?” रुख्मिणी ही त्यांची बहीण. ती जाऊन वीस वर्षं झाली होती.

पूनमने त्यांना काखेत हात घालून ओढत समोरच्या खोलीत नेलं. चादर बादलीत बुडवून अंगावर टाकली. कलाबाईंना फोन लावला. त्या फोनवरच ओरडल्या, “पाणी पाजू नको, ठसका लागीन. मान, काखा, मांड्या ओल्या कर. वारा घाल. मी निघाली.” काजल रामला मांडीवर धरून एका हाताने सुपाने वारा घालत होती. दीपक धाडच्या स्टँडवर त्याच्या भाड्याच्या जीपमध्ये सीट भरत होता, तो ती रिकामीच घेऊन आला. पाय धरून, मान धरून त्यांना दवाखान्यात नेलं.

हे सगळं मी उघड्या दारातून नुसतं पाहत, ऐकत होतो. पाटावर पोथी उघडीच होती. पुरी व्हायला अकरा पानं उरली होती.

झुंबरबाई सहा दिवसांनी घरी आल्या. खाट आता समोरच्या खोलीत आहे. माझ्या फळीवरून दाराच्या चौकटीतून ती अर्धी दिसते. पहिल्या दुपारी पूनम त्यांचे पाय चेपत म्हणाली, “आत्याबाई, मले एक हाक काऊन नाही मारली?”

“पोथी चालू व्हती न, बाई.”

“मरायची वेळ आली व्हती.”

“तू तांब्या घेऊन आलती तं. तांब्याचा आवाज आला मले. म्हटलं, आता बोलते का मंग बोलते.” मग त्याच म्हणाल्या, “पण मीबी मधात कशी बोलू, आन् तूबी कशी बोलशीन?”

पूनम पाय चेपत राहिली.

झुंबरबाई वाचल्या, पण त्यांचं वाचणं गेलं. पोथी मांडीवर घेतात, बोट ठेवतात, आणि बोट तिथेच राहतं. “अक्षरं जागेवर राहत नाहीत,” म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलंय, हळूहळू येईल कदाचित. पन्नाशीनंतर एकेक अक्षर करून कमावलेलं एका दुपारी गेलं, आणि या घरात त्या दुपारी चांगल्या वागण्यात कुणीच कसर केली नव्हती. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. कुणी दुष्ट असता तर मला त्याच्यावर चिडता आलं असतं.

मित्रांनो, मला रंग द्या, पुसा, सांभाळा असं मी म्हणत नाही. मी कागदाचा आहे, मोडलो तर पुन्हा भिजवता येतो. तुमच्या घरात मागच्या खोलीत, गच्चीवरच्या टिनाखाली, नाहीतर शेतातल्या झोपडीत कुणीतरी असेल. काकू, आजोबा, कुणीही. ते देवाचं करत असतील, झोपले असतील, किंवा त्रास नको म्हणून गप्प असतील. दारातून “बरं हाये ना?” विचारू नका. ते “हाव, बरं हाये” म्हणतील, सगळेच म्हणतात. आत जा. हात लावून पाहा. घाम येतोय का, बोलणं सरळ आहे का, पाणी कधी प्यायले ते विचारा. त्यासाठी पोथी थांबली तर थांबू द्या. हे माझं बोलणंसुद्धा इथेच सोडा आणि आधी जाऊन पाहून या.