कानसेनचं कॅबिनेट

मिशाळने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून जोपासल्या होत्या. एक ओठावरची मिशी, आणि दुसरी म्हणजे लोकांच्या मशीनमध्ये खोड्या करून ठेवायची सवय. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आपलं पोटापाण्यापुरतं. गिऱ्हाईकाचा स्क्रीन उलटा करून द्यायचा, फाइल पुसली की ढेकर ऐकू येईल अशी सोय करायची, आणि गिऱ्हाईक बोंबलत परत आलं की चेहरा असा करायचा, जणू दुधाचे दात अजून पडायचेत.

पण त्या दुपारी कानसेनची बायको दारात उभी राहिली आणि त्याला एकही विनोद सुचला नाही. तिच्या एका हातात रिकामं कॅबिनेट होतं. दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तिने तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं.

"भावजी, हे यात बसवून द्या."

चादर उघडली. आत कानसेनचा मदरबोर्ड, डिस्कसकट. चांगला परातीएवढा.

कानसेन म्हणजे मिशाळचा जिगरी दोस्त. सिनेमाला आवाज जोडायचं काम करायचा. भिंतीपलीकडची मांजर कुठल्या पायाने लंगडतेय ते सांगायचा, असले कान. त्याचं मशीन कपाटाएवढं. बायकोने धोशा लावला, "एक तर तो डबा तरी घरात राहील नाहीतर मी तरी." शेवटी याने मोठं कॅबिनेट भंगारात दिलं आणि माप न घेता बाजारातलं सगळ्यात स्वस्त, पापडासारख्या पत्र्याचं कॅबिनेट उचलून आणलं. बोर्ड चांगला चार बोटं बाहेर आला.

मिशाळ खो खो हसला होता. "अरे, हत्तीला बाळाचं झबलं आणलंस!"

"बसवतो की नाही बघ."

"बसलं तर मिशी काढीन."

पैज लागली. आणि अर्धा पत्रा कापून झाल्यावर ड्रिलचं पातं तुटलं म्हणून कानसेन नवं आणायला बाहेर पडला, तो रस्त्यातच छाती धरून बसला. उठलाच नाही.

"वहिनी, मोठं कॅबिनेट आणतो ना मी," मिशाळ म्हणाला. "यात कोंबायचं म्हणजे—"

"यातच. बसवतो म्हणाले होते ते." ती स्टुलावर बसली. "त्या दिवशी निघताना 'येतो' म्हणाले नाहीत, भावजी. मी आतून ओरडले सुद्धा, अहो, येतो म्हणा. तोवर जिना उतरलेले. पण मशीन म्हणायचं. बंद केलं की रोज त्यांच्या आवाजात म्हणायचं, 'येतो गं.' जगाचे आवाज टिपले त्यांनी, स्वतःचा तेवढा एकच. तो मला ऐकायचाय."

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावणं शक्य नव्हतं. कानसेनने कुलूप असं घातलं होतं की ती त्याच बोर्डावर उघडायची. तेव्हा बोर्ड गेला तर 'येतो'ही गेलं.

त्याने आधी बोर्ड टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवला, वीज दिली. पंखा फिरला. स्क्रीनवर एकच ओळ आली: झाकण उघडं आहे. आणि मशीन तिथेच अडून बसलं.

झाकणाचं हे दुसरं कुलूप मिशाळमुळेच लागलं होतं. तो सारखा कानसेनच्या मशीनचं झाकण काढून आत काड्या करायचा. एकदा तर सगळ्या सिनेमात हिरोच्या संवादाआधी शिंक टाकून ठेवली होती. तेव्हा कानसेन वैतागून म्हणाला होता, "असा बंदोबस्त करतो, की तू झाकण काढलंस तर हे तोंडच उघडणार नाही."

"काय झालं?"

"काही नाही वहिनी. रुसलंय. आत बसवल्याशिवाय बोलणार नाही म्हणतंय."

त्याने कॅबिनेट पुढ्यात ओढलं. आत जागोजागी कानसेनच्या काळ्या मार्करच्या खुणा होत्या. डिस्कचा पिंजरा ज्या रिव्हेटांवर बसलेला, त्यांच्यावर ठिपके. कापायच्या पत्र्यावर रेघ. बोर्डाखाली पितळी खुंट्या रोवायच्या तिथे गोल. मिशाळने पट्टी घेऊन माप घेतलं. केसाचाही फरक नव्हता. माप न घेता कॅबिनेट आणणाऱ्या माणसाने हे कधी केलं?

एका खुणेचा मात्र अर्थ लागेना. झाकणाच्या आतल्या बाजूला फुली होती. झाकणात कापण्यासारखं काय आहे? चुकून ओढली असेल.

त्याने रिव्हेट उडवले, पिंजरा उपटून काढला. कानसेनचं कापणं जिथे थांबलं होतं तिथे पत्र्याच्या कडेला तपकिरी डाग होता, वाळलेला. मिशाळने फडक्याने पुसायला बोट घातलं आणि त्याच जागी बोट चिरलं. नवं रक्त जुन्या डागावर गेलं.

"हळू हो," वहिनी म्हणाली. "त्यांनाही तिथेच लागलं होतं."

मिशाळने बोट तोंडात घातलं. मानेवर कोणी फुंकर घातल्यासारखं झालं. मागे बघितलं तर मागे फक्त दुकानाची भिंत.

"बघतोयस काय, हात लाव जरा," तो भिंतीला म्हणाला. एरवी वहिनी हसली असती. आत्ता तीही भिंतीकडे बघत राहिली.

पुढचा पत्रा कापला, कानशीने घासला. खुंट्या रोवल्या. कानसेनने कॅबिनेटमध्ये बांधून ठेवलेली स्क्रूची पिशवी सोडली, तर आत सगळे स्क्रू एकमेकांना मिठी मारून गोळा होऊन बसलेले. "काय रे, थंडी वाजते का?" म्हणत त्याने एकेक उपटून काढला. बोर्ड तिरका केला, कडेने आत सरकवला, आणि तो खटकन बसला. असा बसला, जसा त्या डब्यात जन्मलाय.

झाकण लावलं. वीज दिली.

झाकण उघडं आहे.

"अरे, लावलंय ना बाबा!" मिशाळने पत्र्यावर थाप मारली. काढून परत लावलं. परत तेच. वहिनीचा चेहरा उतरत गेला. "राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "नाही यायचं त्यांना, तर नाही."

मिशाळने झाकण काढून मांडीवर घेतलं. फुली बरोब्बर डोळ्यासमोर. बोर्डाकडे बघितलं, तर टोकाला मणी असलेली एक बारीक काळी वायर लोंबत होती. मघाशी ती उगीचची म्हणून बाजूला सारली होती. झाकण लावलं की फुली बरोबर त्या मण्यावर यायची. आणि मग त्याला ते मिठी मारलेले स्क्रू आठवले. पिशवी उपडी केली. तळाशी दोन स्क्रू अजून चिकटलेले, मधे नखाएवढं लोहचुंबक. जुन्या झाकणाचं. जवळ चुंबक आलं की मणी समजणार, झाकण लागलं.

त्याने चुंबक फुलीवर डकवलं. झाकण सरकवलं.

पंखा फिरला. स्क्रीन उजळला. आणि स्पीकरमधून, अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा, कानसेन हसला.

"बसलं ना रे, मिशाळ्या? काढ मिशी."

मिशाळच्या हातातला स्क्रूड्रायव्हर गळून पडला. पत्रा कापायला घेण्याआधीच, मण्याला चुंबक लावून, भरून ठेवला होता लेकाने हा आवाज. जिंकणारच, एवढी खात्री! मिशाळ हसायला लागला, हसता हसता नाक पुसायला लागला, आणि मग वहिनीकडे बघून थबकला.

तिचा हात तोंडावर होता. "सुरू होतानाचं बदललं त्यांनी," ती म्हणाली. "मग बंद होतानाचंही बदललं असेल का?"

"बंद करून बघू की. लगेच कळेल."

त्याने माउसला हात लावला तशी तिने मनगट धरलं.

"नको."

"अहो वहिनी, त्याच्यासाठीच तर—"

"नको म्हणते ना. तार ओढा."

मिशाळने तार ओढली. पंखा मुकाट थांबला. तार ओढली की मशीनला निरोप घ्यायला वेळच मिळत नाही.

वहिनी कॅबिनेट उचलून घेऊन गेली. मिशाळने दुकानाच्या आरशात बघितलं, वस्तरा काढला आणि पैज फेडली. ओठ अगदी परका दिसायला लागला.

आठवड्याने तो सहज म्हणून तिच्या घरी गेला. कानसेनच्या टेबलावर मशीन घरघरत होतं. स्क्रीनवर काहीच उघडलेलं नव्हतं. पत्रा हाताला गरम लागला.

"वहिनी, किती वेळ चालू ठेवलंय हे?"

"आणल्यापासून."

"एकदाही बंद केलं नाही? अहो, ऐकायचं होतं ना तुम्हाला!"

तिने त्याच्या उघड्या ओठाकडे बघितलं. हसली जराशी. मग आवाज खाली आणून म्हणाली, जणू पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय.

"बंद केलं आणि ते 'येतो' म्हणाले, भावजी, तर मग मी दाराला कडी कशी घालू?"

मिशाळ उठला. निघताना सवयीने हात मिशीकडे गेला, तिथे काही नव्हतं. उंबऱ्यात त्याच्या तोंडावर 'येतो' आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि आवाज न करता जिना उतरला.