काकांचा शेवटचा हात

ठिणगीला फोनपाशी बसायचं नव्हतं. त्या दिवशी गॅरेजात जे महाभारत झालं त्याचं मूळ एवढंच.

फोन आजवर काकू सांभाळत होत्या. थंडीत त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, घरातून गॅरेजात उतरायचा जिना नकोसा झाला, आणि काकांनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं की परवापासून फोन ठिणगी घेईल. तिचा आवाज गोड आहे म्हणे. या पुतणीला तिच्या जिभेपायी शाळेतच हे नाव पडलं होतं आणि ते तिने कधी पुसू दिलं नव्हतं. तिचा आवाज गोड आहे हा शोध त्यामुळे सगळ्यांनाच नवा होता.

"मग गाड्यांच्या लिफ्टवर कोण?" तिने विचारलं.

"मी काय मेलोय?"

"आणि माझे हात?"

"फोन उचलतील."

"माझे गुडघे गेले म्हणून पोरीचे हात कशाला बांधताय?" काकू म्हणाल्या. पण काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते पानावरून उठले आणि विषय संपला.

गॅरेज स्पोर्ट्स गाड्यांचं होतं. जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या, मालकांपेक्षा नखरेल अशा गाड्या तिथे यायच्या. गाडी वर उचलणारी लिफ्ट एकच, आणि लिफ्टवर ज्याचा हात तोच तिथला मेकॅनिक. बाकीच्यांनी पाने पुसायचे, फरशी पुसायची आणि शहाणपणा करायचा नाही. ठिणगीने वर्षानुवर्षं पाने पुसले होते. आता कुठे काकांची कंबर धरल्यावर लिफ्टचं बटण तिच्या हाती आलं होतं, आणि तेवढ्यात हे फोनचं लचांड.

काकांना गिऱ्हाइकं उस्ताद म्हणत, आणि ते उगाच नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतला आजार सांगत. शिवाय त्यांचा 'शेवटचा हात' प्रसिद्ध होता. काम संपलं की गाडी बाहेर पडण्याआधी ते स्वतः हवेच्या फिल्टरची पेटी उघडत, धुऊन वाळवलेल्या कापडी फिल्टरवर आपल्या डब्यातलं लाल तेल सढळ हाताने सोडत, पेटी बंद करत आणि बॉनेटवर थाप मारत. धूळ तेलाला चिकटते, इंजिनात जात नाही, हे त्यातलं शास्त्र. पण गिऱ्हाइकं शास्त्रासाठी थांबत नसत. उस्तादांचा हात लागल्याशिवाय गाडी न्यायची नाही, अशी त्यांची श्रद्धाच होती. त्या डब्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, हेही त्यातच आलं.

तर दुसऱ्याच दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आपली पिवळी दोन सीटची गाडी घेऊन आल्या. गाडी दारात उभी राहिली आणि थंडी वाजून आल्यासारखी कापायला लागली. आरसे थरथरत होते. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरचा काटा वर जायचा, पडायचा, इंजिन बंद पडता पडता सावरायचं.

"पळताना लोण्यासारखी पळते," बाई म्हणाल्या. "सिग्नलला थांबली की हे सुरू. तुमच्याकडूनच सर्व्हिसिंग करून नेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी लागलं हे."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. डोळे मिटले. सगळं गॅरेज गप्प झालं.

"व्हॉल्व्ह जळलाय," ते म्हणाले. "हेड खोलावं लागेल."

हेड खोलायचं म्हणजे इंजिनाचं डोकंच उतरवायचं. बाईंचा चेहरा पडला. ठिणगी हात पुसत पुढे आली. तिला फोनपाशी पाठवायला अजून एक दिवस होता आणि तो तिला वाया घालवायचा नव्हता.

"काका, व्हॉल्व्ह जळला असता तर पळताना ओढ कमी पडली असती. आधी सिलिंडरांतला दाब, कॉम्प्रेशन मोजू. मग खोलू."

"मी ऐकलंय."

"मोजलं नाहीत."

गिऱ्हाइकासमोर हे असं. उस्तादांच्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. काका लाल झाले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "दात उपटायच्या आधी मीसुद्धा एक्स-रे काढते."

"मोज," काका म्हणाले. "काय मोजायचं ते मोज. न खोलता ही गाडी सरळ केलीस तर लिफ्ट तुझी, कायमची. नाही केलीस तर आत्ताच्या आत्ता फोनपाशी, आणि पुन्हा तोंड वर करून बोलायचं नाही."

"ठरलं," ठिणगी म्हणाली. काकू फोनच्या खोलीतल्या खुर्चीतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी वाजणारा फोन उचलून तसाच खाली ठेवला.

तिने प्लग काढले आणि एकेका सिलिंडरला मीटर लावला. काटा सगळीकडे जवळपास सारखाच चढला. व्हॉल्व्ह ठणठणीत होते. काका म्हणाले, मीटर जुना आहे. प्लगही चांगले होते, त्यांची टोकं मात्र जरा फिकी, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी मिळत होतं. प्लगांना वीज देणाऱ्या कॉइलची अदलाबदल करून पाहिली, थरथर तशीच. कुठे रबरी नळी फुटून हवा शिरतेय का म्हणून सगळ्या नळ्यांत धूर भरून पाहिला. धूर कुठून बाहेर येईना. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दुसऱ्याच गाडीचा दिवा पुसत होते, आणि तोच तोच दिवा पुसत होते.

ठिणगीला घाम फुटला. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, इथे तर उंट तिचा होता आणि शेळ्याही तिच्याच. चूक निघाली तर जन्मभर "हॅलो, उस्ताद जेवायला गेलेत" म्हणत बसायचं. मी नाही बसणार, ती मनाशी म्हणाली, आणि पुन्हा बॉनेटखाली वाकली.

पेट्रोल कमी का मिळतंय? कारण इंजिनाला वाटतंय हवा कमी येतेय. हवा मोजतो कोण? फिल्टरच्या पेटीनंतरच्या पाइपात बसलेला बोटाएवढा सेन्सर. तिने इंजिन चालू ठेवूनच त्याची वायर उपसली.

इंजिन एकदा अडखळलं आणि स्थिर झालं. आरसे थांबले. सेन्सरचं खोटं ऐकू येईनासं झाल्यावर इंजिन आपल्या अंदाजाने चालत होतं, आणि बरं चालत होतं. बाकावर बसलेल्या बाई उभ्या राहिल्या.

तिने सेन्सर बाहेर काढून उजेडात धरला. आतल्या केसाएवढ्या तारेवर चिकट थर होता आणि त्यावर कापसाचे बारीक तंतू. थर लाल होता. तिने फिल्टरची पेटी उघडली. फिल्टर तेलाने निथळत होता, पेटीच्या तळाशी तेलाचं थारोळं साचलं होतं. हवेबरोबर तेच उडून तारेवर जाऊन बसलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि कळसा काकांचा होता.

ती तो सेन्सर घेऊन सरळ स्टुलापाशी गेली.

"हे काय आहे?"

काकांनी वास घेतला. त्या तेलाचा वास त्यांच्या उशीलाही यायचा, त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"तेलाने कधी वाईट होत नाही," ते म्हणाले. "माझी उमर गेली हे करण्यात."

"जुन्या इंजिनांचं नाही होत, काका. ती नुसती हवा ओढायची. ही हवा मोजतात. दोन थेंब पुरतात तिथे तुम्ही आंघोळ घालता."

काका स्टुलावरून उठले. मग तिचा दंड धरून तिला टायरांच्या चळतीमागे घेऊन गेले. आवाज खाली आणला. "लिफ्ट तुझी. पैज जिंकलीस. तार साफ कर, फिल्टर पूस, गाडी देऊन टाक. कारण सांगत बसू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ठिणगीला लिफ्ट हवी होती. किती हवी होती हे तिचं तिलाच माहीत. आणि काकांवर तिची मायाही होती, त्यांनीच तिला पाना धरायला शिकवला होता. हो म्हणायला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं, गप्प राहिलं की झालं. पण मागे एक निळ्या गाडीवाला वैमानिक हीच तक्रार घेऊन आला होता. लाल गाडीवाल्या बहिणीही आल्या होत्या. "स्पोर्ट्स गाडी आहे, थोडी थरथरणारच," असं सांगून काकांनी सगळ्यांना वाटेला लावलं होतं, आणि जाताना फिल्टरला आणखी एक हात मारला होता.

"बाकीच्यांचं काय?" तिने विचारलं.

"बाकीचे सवयीने चालवतायत."

"आणि उद्यापासून डबा?"

काकांनी वळून आपल्या डब्याकडे प्रेमाने पाहिलं. तिला उत्तर कळलं.

तिने सेन्सरवर क्लीनर मारला, तार वाळू दिली, फिल्टर टिपून कोरडा केला, सगळं जागेवर बसवलं आणि किल्ली फिरवली. पिवळी गाडी एका सुरात चालायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून लिपस्टिक काढून आरशात बघत लावली, आणि रेघ जरासुद्धा हलली नाही.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

काका खाकरले. ठिणगीने ते खाकरणं ऐकलं.

"आम्हीच केलं होतं," ती म्हणाली. "फिल्टरला तेल जास्त झालं, ते सेन्सरवर गेलं. चूक गॅरेजची. यापुढे होणार नाही."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा उस्तादांकडे. "आम्हा डॉक्टरांत असं कुणी कबूल करत नाही," त्या म्हणाल्या, गाडीत बसल्या आणि गेल्या.

त्या वळणाआड जाईपर्यंत काका थांबले.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," ते म्हणाले. "बाहेरच्या बाईसमोर माझी अब्रू काढलीस. जा फोनपाशी."

"पैज मी जिंकले."

"गप्प बसायचं सांगितलं होतं."

"ते पैज लागली तेव्हा नव्हतं सांगितलं."

"हे गॅरेज माझं आहे," काका ओरडले. "मी सांगतो फोनपाशी, म्हणजे फोनपाशी."

ठिणगीने लिफ्टकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला जास्त राग आला. शब्द फिरवला होता तो उस्तादांनी, तिने नाही. तिने हात धुतले आणि फोनपाशी गेली. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि खुर्ची रिकामी करून दिली. काका समाधानाने वळले.

"काकू," ठिणगी म्हणाली, "निळ्या गाडीवाल्या वैमानिकाचा नंबर काय गं?"

काकूंना सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर तोंडपाठ होते. त्यांनी एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि नंबर सांगितला, सावकाश आणि खणखणीत आवाजात. काकांचं पाऊल जागीच थांबलं.

"हॅलो, गॅरेजातून बोलतेय. सिग्नलला तुमची गाडी अजून थरथरते का? हो ना. ती थरथरायला नको. चूक आमच्याकडून झालीय, गाडी घेऊन या. नाही, स्पोर्ट्स गाडी आहे म्हणून नाही. आमच्यामुळे."

काका खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. फोनची वायर त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. ठिणगीला ते दिसत होतं. तिने आवाज आणखी चढवला, आणि तो अजिबात गोड नव्हता.

"उस्ताद स्वतः बघतील ना?" पलीकडून विचारलं गेलं. वैमानिकाचा आवाज मोठा होता, दारापर्यंत ऐकू गेला.

ठिणगीने काकांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"नाही," ती म्हणाली. "मी बघणार. इथे लिफ्टवर मी असते."

काका दारातून हलले नाहीत. वायरकडे त्यांचा हात गेला नाही, आणि तोंडातून नाही हा शब्दही आला नाही. काकूंनी लाल गाडीवाल्या बहिणींचा नंबर सांगायला सुरुवात केली.